नकाशातला उतार

नव्या मासळी बाजाराची फरशी सबनीस इंजिनिअरनं आखली होती. पाणी मात्र गटारात जायचं सोडून चांगुणाबायच्या गाळ्यापुढं तुंबायचं. नगराध्यक्ष पाहणीला आले, तर सबनीस साहेब बाईवरच घसरला, "ही बया घाण करते. हिचा गाळा काढून घ्या. नकाशात उतार गटाराकडंच आहे!"

"असं? मग नकाशा धरा नि माझ्या गाळ्यापाशी उभे राहा," म्हणत चांगुणाबायनं पार गटाराच्या तोंडाशी जाऊन बादली उपडी केली. माशाचं पाणी गटाराला पाठ दाखवून निघालं, ते थेट साहेबाच्या बुटात.

"अगं ए, बूट!"

"पाणी माझ्यासारखंच अडाणी, साहेब. त्याला नकाशा वाचता येत नाही, उतार तेवढा कळतो."

गाळा जागेवर राहिला. उखडली ती फरशी.