वीज न जाणारं गाव

एका गावाच्या टोकाला चिपचे आराखडे करणारी एक कचेरी होती. माणसं फार शहाणी. चहात साखर किती, यावरही बैठक भरवायची. तिथे रायरीकरबाई आराखडे तपासत. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांचा चेहरा असा फुलायचा, जसा तुमचा शेजारणीचं दूध उतू गेल्यावर फुलतो.

या खेपेची चिप होती इस्पितळातल्या काचपेटीसाठी. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ त्या पेटीत उबेला ठेवतात. ऊब वाढली की चिपने हीटर बंद करायचा. एवढंच काम, पण चुकलं तर बाळ जातं.

पूर्वी बाई हजार प्रसंग घालून आराखडा तपासत. आता त्यांनीच नवी रीत आणली होती: हीटर प्रत्येक प्रसंगी बंद होणारच, हे संगणकाने गणिताने सिद्ध करायचं. सिद्धता निघाली. पेढे वाटले. संध्याकाळी बाईंचा सत्कार ठरला, आणि उद्या आराखडा कारखान्यात. एकदा चिप घडली की खोडरबर चालत नाही.

पेढा तोंडात असतानाच बाईंना खटकलं. दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत झालं कसं? त्यांनी गृहीतांची यादी उघडली. काय घडणारच नाही, हे संगणकाला आधी सांगावं लागतं. सातवी ओळ होती: 'हीटर चालू असताना वीज जाणार नाही.' संगणक अडखळत होता, म्हणून बाईंनीच तात्पुरती घातलेली, पुसायची राहिलेली.

त्यांनी ती पुसली. तासाभरात उत्तर आलं: वीज जाऊन परत आली, की हीटर बंद होतच नाही.

आराखडा कचेरीतल्याच तुळपुळ्यांनी काढलेला होता. सगळं त्यांच्यावर ढकललं असतं, तर सत्कार टिकला असता. पण तीच यादी बाईंनी कचेरीभर नमुना म्हणून वाटली होती.

सत्काराला त्या उभ्या राहिल्या आणि घडलेलं सांगू लागल्या.

साहेब म्हणाले, "अहो बाई, वीज पोचली नाही असं खेडं आता राहिलंय कुठे?"

"पोचते, साहेब. टिकत नाही."

तुळपुळे तडकले, "पण ही ओळ घातली कोणत्या गाढवाने?"

"मी," बाई म्हणाल्या. "आणि माझी यादी वापरून केलेल्या तुमच्या सगळ्यांच्या सिद्धता आता टाकून द्या."

आराखडा थांबला. साहेबांनी शाल घडी करून कपाटात ठेवली. तुळपुळे मात्र खुर्ची ओढून बाईंपाशी बसले. "शब्द मागे घेतो, बाई. चला, आधी माझी यादी उघडू."

तात्पर्य: 'हे घडणारच नाही' असं आपण जिथे मानून बसतो, खोट तिथेच लपते, आणि ती दाखवताना स्वतःचं नाव आलं, तरी ते गिळू नये.