रानबोक्याची उंच गाडी

मुलांनो, ही गोष्ट घडली त्या जंगलात एक रानबोका राहत असे, आणि त्याच्याकडे चक्क एक पिकअप गाडी होती. बोक्याकडे गाडी आली कुठून, हे मला विचारू नका, होती खरी. दर उन्हाळ्यात लहान तळं आटायला लागलं, की तिथली कासवं या गाडीतून कातळापलीकडच्या मोठ्या तळ्यावर जात. बोका गाडी तळ्याच्या बांधाला टेकवून लावायचा, मागचा फाळका पाडायचा, आणि तो अगदी बांधाच्या उंचीला यायचा. कासवं बांधावरून सरळ गाडीत चालत जायची. कुणाला उचलायला नको की ढकलायला नको.

पण यंदा गव्याने नवी गाडी घेतली. ही उंच, आणि चाकं केवढी थोरली! बोक्याच्या पोटात दुखू लागलं. त्याने खवलेमांजराच्या गॅरेजात जाऊन आपली गाडी वीतभर वर उचलून घेतली. तर झालं काय, उंच पोराला आखूड पायजमा घालावा तशी ती जुन्या चाकांवर दिसू लागली. पळसावरचे सातभाई पक्षी फिदीफिदी हसले. झालं, स्वारी परत गॅरेजात हजर! गव्याच्या गाडीला आहेत तसलेच टायर हवेत म्हणाला.

खवलेमांजर गाडीखालून सरपटत बाहेर आलं. "रिकामी गाडी सरळ उभी असली की कुठलाही टायर बसल्यासारखा वाटतो," ते म्हणालं. "आधी गाडी भरून आण, स्टिअरिंग पुरतं वळव, मग माप घेऊ. आणि तुझ्या गाडीत बसतं कोण, तेही जरा आठव." बोक्याने मिशा फेंदारून सांगितलं, की गाडी माझी आहे, मला कळतं. थोरले टायर बसले. बोक्याने रिकामी गाडी सरळ रस्त्यावरून तीनदा मिरवली, सातभाई गप्प झाले, आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं.

चार दिवसांनी तळ्यात नुसता चिखल उरला. कासवं बांधावर येऊन थांबली होती, त्यांत यंदाची तीन पिल्लंही होती. बोक्याने गाडी लावली, फाळका पाडला, आणि तो बांधाच्या हातभर वर राहिला. कासवांनी माना वर करून पाहिलं. बोका चपापला. परत जाऊन जुनी चाकं चढवावीत, असं त्याच्या मनात आलंही, पण सातभाई बघत होते ना! त्याने दगड रचले आणि एकेकाला खालून ढकलत वर चढवलं. म्हातारी कासवीण दोनदा घसरली. "माझेच पाय थकले रे आता," ती ओशाळून म्हणाली. पाय थकले नव्हते, हे बोक्याला पक्कं ठाऊक होतं, तरी तो गप्प राहिला. या खटाटोपात ऊन डोक्यावर आलं.

कातळावर एक अवघड वळण आहे. कासवांच्या ओझ्याने गाडी दबलेली होतीच. बोक्याने स्टिअरिंग वळवलं मात्र, टायर मडगार्डमध्ये जाऊन घट्ट रुतला. गाडी हलेना. कातळ तव्यासारखा तापलेला, पिल्लांनी डोकी आत ओढून घेतलेली. गाडीतच थांबावं तर सगळी भाजून निघणार, आणि उतरावं तर इथे ना बांध, ना रचायला दगड. बोका खाली उतरला आणि फाळक्याखाली त्या तापल्या दगडावर पोट टेकून आडवा झाला. एकेक कासव त्याच्या पाठीवर पाय देऊन खाली उतरलं. सगळ्यांत शेवटी म्हातारी उतरली, तीही "लागलं का रे?" असं विचारत. बोक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोठी कासवं चालत निघाली. मांजरी पिल्लांना नेते तसं बोक्याने एकेक पिल्लू तोंडात धरून तळ्यापर्यंत नेलं. पोळलेल्या पायांनी तीन खेपा केल्या. तिसरं पिल्लू पाण्यात ठेवलं तेव्हा हललंच नाही. बोका काठावर बसून राहिला. आपण कुणासाठी गाडी चालवतो हे विसरलो, आणि कशापायी, तर सातभाईंनी हसू नये म्हणून! त्याला रडू आलं. बऱ्याच वेळाने पिल्लाने डोकं बाहेर काढलं आणि ते पाण्यात शिरलं.

सगळ्यांच्या मागून म्हातारी कासवीण येऊन पोहोचली. बोका खालमानेने बसलेला तिने पाहिला. "गाडी छान दिसते हो तुझी," ती समजुतीने म्हणाली. "आम्हीच जड." ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर बोक्याला बरं वाटलं असतं. त्याच्याने मान वर करवली नाही.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात गेला. काय हवं ते त्याला सांगावंच लागलं नाही. खवलेमांजराने त्याची जुनी चाकं कोपऱ्यात नीट ठेवली होती. त्याने गाडी पूर्वी होती तेवढी खाली बसवली आणि ती चाकं चढवली. सातभाई पुन्हा हसले, तेव्हा बोक्याने वरती पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या उन्हाळ्यात फाळका बांधाला बरोबर टेकला, आणि म्हातारी कासवीण कुणाचा आधार न घेता गाडीत चालत गेली.

तात्पर्य : वस्तू निवडताना माप आपल्या कामाचं घ्यावं, बघणाऱ्यांच्या नजरेचं माप घेतलं, तर त्याचा भार आपल्यावर विसंबलेल्यांना सोसावा लागतो.