नावे कोणाच्या?

एका गावात एक कासार होता, गंगाराम नावाचा. बांगड्यांचं दुकान टीचभर, पण वही चोख. लेक विशाखा तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शाखेला लागली, तेव्हा त्याने आळीभर पेढे वाटले.

शनिवारी हिशेबाच्या सरांनी फळ्यावर नियम लिहिला, "जे येते ते नावे, जे जाते ते जमा." दुसरा नियम लिहिणार तोच घंटा झाली. तो सोमवारवर गेला.

विशाखा गोंधळली. बापाच्या वहीत तर पैसे आले की 'जमा' लिहिलेलं असायचं. मग खरं कोण, सर की बाप? सरांना विचारावं तर वर्ग हसेल. बाप तर सातवी पास, त्याला काय विचारायचं? डोक्याचं पार भजं झालं, पण बाईसाहेबांनी विचारलं नाही कुणालाच. नावे लिहायचं कळेना, नावं ठेवायला मात्र जमलं. रविवारी बाप बाजाराला गेला, तसा तिने लाल पेन घेतला आणि वहीतलं प्रत्येक 'जमा' खोडून तिथे 'नावे' केलं.

दुपारी ठकूबाई आली. लोकांच्या घरी भाकऱ्या थापून तिने लेकीच्या हिरव्या चुड्यासाठी हजार रुपये दुकानात आधीच ठेवले होते. सोबत तिची होणारी विहीण होती. विशाखाने वही उघडली.

"मावशी, तुमच्या नावे हजार रुपये आहेत, म्हणजे आमचं येणं. आधी ते द्या."

"अगं, मी तर तुझ्या बापाकडं ठेवलेत!"

"वहीत तसं नाही."

विहीण म्हणाली, "उधारीवर चुडा भरणारं घर आहे होय हे?" आणि तरातरा निघून गेली. ठकूबाई पदराने डोळे पुसत मागोमाग गेली. तिच्या लेकीचं लग्न मोडायची वेळ आली होती.

संध्याकाळी गंगारामने वही पाहिली आणि दुपारी काय घडलं ते लेकीकडून ऐकलं. तो ओरडला नाही. "देणाऱ्याच्या जमा, घेणाऱ्याच्या नावे. ठकूबाईनं दिले, आपण घेतले. मग नावे कोणाच्या?"

"पण सर म्हणाले, येतं ते नावे!"

"ते रोकडीचं खातं असेल, पोरी. हे माणसाचं आहे."

विशाखाला अजूनही सगळं उमगलं नव्हतं. आपण काय केलं, एवढं मात्र कळलं आणि तिला रडू फुटलं. चुडा घेऊन ती ठकूबाईकडे निघाली, तेव्हा बापाने अडवलं.

"तिकडं नंतर. जिच्यासमोर नावे टाकलंस, तिच्यासमोर आधी जमा कर."

विशाखा विहिणीच्या अंगणात गेली. चार बायका बसल्या होत्या. तिने सगळ्यांदेखत सांगितलं, "मावशींकडे आमचं काही येणं नाही. त्यांचेच हजार आमच्याकडे आहेत. मला वही वाचता आली नाही."

"कॉलेजात शिकतेस ना?"

"अर्धंच शिकले होते, काकू. आणि विचारलं नाही."

विहिणीने चुडा हातात घेतला आणि स्वतःच ठकूबाईच्या घराकडे चालू लागली.

सोमवारी सरांनी फळ्यावर दुसरा नियम लिहिला. शब्द बापाचेच होते. "कळलं का सगळ्यांना?" सरांनी विचारलं. "हो सर," वर्ग ओरडला. विशाखा उभी राहिली.

"नाही सर. दोन्ही नियम पुन्हा सांगा."

कुणी हसलं नाही. अर्ध्या वर्गाने हळूच वह्या उघडल्या.

तात्पर्य: न कळणं हा दोष नाही; पण न विचारता दुसऱ्याला चूक ठरवलं, की आपल्या अज्ञानाची रक्कम भलत्याच माणसाच्या नावे पडते.