जिताड्यांचा उपास

"मग धाकूला शपथेला कधी उभं करणार, माई?"

मोरेश्वर तांडेलचा हा प्रश्न नवा नव्हता. माई माधुकरीत आलेली भाकरी मोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

खाडीच्या तोंडाशी, खडकावर, माईंचा एका खोलीचा मठ. त्या काठावर रीत अशी होती की कोणावर चोरीचा आळ आला तर त्याला मठासमोर कमरेइतक्या पाण्यात उभा करायचा आणि माईंनी शपथ घालायची. खरी शपथ घेतली तर माणूस सुटायचा म्हणे. पण एकदा पाण्यात उभा राहिलेल्याकडे कोळीवाडा पुढे सरळ नजरेने कधी बघायचा नाही. त्याच्या जाळ्याशेजारी कोणी जाळं लावायचं नाही. हे धाकू नाखव्याला ठाऊक होतं, मोरेश्वरलाही ठाऊक होतं.

"काय गेलं म्हणालास?"

"जिताडे, माई. माझ्या पिंजऱ्यातले. रोज कमी होतायत."

"जाळी फाटलीय?"

"नाही."

"मरून वर येतात?"

"एखाददुसरा. बाकीचे नुसते नाहीसे होतात."

"धाकूला काढताना पाहिलंस?"

"पाहायला कशाला हवं? दिवसभर त्याची होडी तिथंच असते."

माईंनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला...

"चल. मला तुझे मासे दाखव."

मोरेश्वर चपापला. माई कधी मासळीच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. त्यांच्याच हातून तुळशीची माळ घालून घेऊन त्याने मासे खाणं सोडलं होतं. कोळ्याच्या पोराने मासे सोडले म्हणून अख्खा कोळीवाडा हसला होता. हसू दे, म्हणाला होता तो. पण गडी एवढ्यावर थांबता तर बरं झालं असतं.

त्याच्याकडे मत्स्यशास्त्राची पदवी होती, खाडीत तरंगणारे पिंजरे होते, आणि आता व्रतही होतं. त्याने पिंजऱ्यातल्या माशांचेही मासे बंद केले. सोयाबीन, शेंगदाण्याची पेंड, मका, यांच्या गोळ्या करून तो जिताड्यांना घालू लागला. पिंजरा तरंगता ठेवणाऱ्या पिंपावर त्याने पाटी रंगवली: 'अहिंसक मत्स्यपालन'. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तो आधी दाखवायचा.

होडीत माई वल्ह्याशेजारी बसल्या. ओहोटी लागली होती. पाटी दिसली तशी त्यांनी ती वाचली.

"आणि जिताडा मोठा झाला की त्यालाही माळ घालतोस?"

मोरेश्वरचे कान लाल झाले. "विकतो, माई. पोट आहे."

"बरं," माई म्हणाल्या.

त्याने मूठभर गोळ्या पाण्यात टाकल्या. खालून काळसर सावल्या वर आल्या. तोंडं उघडली, गोळ्या आत गेल्या... आणि बाहेर आल्या. पाण्यावर तशाच तरंगत राहिल्या.

"थुंकतात," माई म्हणाल्या.

"सवय होईल."

"अजून व्हायचीच आहे?"

खरं तर त्यालाही रोज दिसत होतं. माशांची डोकी मोठी दिसत होती आणि अंगं वाळली होती. रुपेरी पाठी काळवंडल्या होत्या. काही मासे कडेला नुसते तरंगत असायचे, हात लावला तरी पळत नव्हते. त्याला वाईट वाटायचं, मनापासून वाटायचं. पण पाटीकडे नजर गेली की तो स्वतःची समजूत घालायचा.

"तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"हळूहळू करा म्हणून लिहिलंय." त्याचा आवाज उतरला. "जिताडा मासे खाऊन जगणारा मासा. त्याच्या अंगाला लागतं ते सगळं सोयाबीनमध्ये नसतं. जे नसतं ते दुसरीकडून आणून घालावं लागतं. शिवाय सोयाबीन फार झालं तर त्याचं आतडं सुजतं. म्हणून मासळी थोडी थोडी कमी करत न्यायची, आणि अंगावर काय परिणाम होतो ते बघत राहायचं."

"आणि तू?"

"एका दिवसात बंद केली."

"का?"

"थोडी हिंसा म्हणजेही हिंसाच ना, माई?"

माई पाण्यात बघत होत्या. मग त्यांनी बोट केलं.

पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक जिताडा होता. बाकीचे सगळे सुकलेले, आणि हा एकटाच पोट फुगलेला. मोरेश्वरने दांड्याची जाळी खाली घालून त्याला वर घेतलं. माशाचं तोंड मिटत नव्हतं. आत काहीतरी अडकलं होतं. त्याने दोन बोटांनी धरून ओढलं.

शेपूट होतं.

मागोमाग अंगही आलं. जिताडाच होता, याच पिंजऱ्यातला, थोडा लहान. त्याचं डोकं पार विरघळून गेलं होतं.

होडी हलत राहिली. मोरेश्वरच्या हातात एक मासा तडफडत होता आणि एक निपचित होता.

"माई..." तो म्हणाला. "हे मला माहीत होतं. उपाशी ठेवले तर मोठे लहानांना गिळतात. परीक्षेत लिहिलं होतं मी."

"मग आठवलं कसं नाही?"

"माझ्या पिंजऱ्यात असं होणार नाही, असं वाटलं."

माईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना.

"धाकूच्या दाराशी घे होडी."

"आत्ता?"

"मग केव्हा?"

धाकू नाखवा अंगणात जाळं विणत बसला होता. शेजारी चटईवर मांदेली, बोटभर लांबीची मासळी, वाळत होती. माईंना बघून तो उठला, हात जोडले. त्याचा चेहरा पडला.

"शपथेला बोलवायला आल्याव, माई? चला. मी येतो."

"माई नाही, मी आलोय, धाकूकाका," मोरेश्वर म्हणाला. "तुम्ही चोरी केली नाही. मासेच एकमेकांना खात होते. मी त्यांना उपाशी मारलं आणि आळ तुमच्यावर घातला. चुकलं माझं."

धाकूने सुई जाळ्यात खोचली.

"मना चोर बोललास, मोऱ्या. माज्या नातवांच्या देखत बोललास."

"सगळ्यांच्या देखत सांगेन, काका. चोरी झालीच नव्हती म्हणून सांगेन."

"सांग." धाकू पुन्हा खाली बसला. "आज सांग. बाजार उठायच्या आधी सांग."

"सांगतो."

पण त्याचे पाय हलेनात. त्याला आणखी काहीतरी हवं होतं आणि ते मागायला जीभ उचलत नव्हती. ज्याला चोर म्हटलं त्याच्याच दारात मागायचं होतं.

"काका... मला थोडी मांदेली हवी होती. माशांना घालायला."

धाकू त्याच्याकडे बघत राहिला. मग उठला, आतून टोपली आणली आणि चटईवरची मांदेली ओंजळीओंजळीने तिच्यात भरली.

"ने. तुज्यावर मी रागावलोय. तुज्या माशांनी माजं काय केलंय?"

टोपली हातात आली तसा मोरेश्वर जागच्या जागी थबकला. इतक्या दिवसांनी चाऱ्याची मासळी त्याच्या हाताला लागली होती. तो माईंकडे वळला.

"माई, या मांदेलीतही जीव होता ना?"

"होता."

"मग हे पाप नाही?"

माईंनी खाडीकडे पाहिलं. खाडीवरून वारा येत होता.

"समुद्रात होता तोवर जिताडा त्याचं तो बघत होता," त्या म्हणाल्या. "पिंजऱ्यात तू घातलास. त्याची भूक तेव्हाच तुझ्या पदरात आली."

"आणि माझं व्रत?"

"ते तू कर की. तुला कोण खा म्हणतंय?"

धाकूच्या ओट्यावर पाटा होता. माई त्याच्यापुढे बसल्या. त्यांनी टोपली जवळ ओढली, मूठभर मांदेली पाट्यावर घेतली आणि वरवंटा उचलला.

"माई!" मोरेश्वर आणि धाकू एकदमच ओरडले.

माईंनी ऐकलंच नाही. सुकी मांदेली वरवंट्याखाली करकरली आणि तिचं पीठ झालं. मोरेश्वरने होडीतून गोळ्यांचं पोतं आणलं. गोळ्या पाण्यात भिजवून मऊ केल्या. माईंनी ते पीठ त्यात घालून दोन्ही हातांनी मळलं. भाकरीचं पीठ मळावं तसंच मळलं, आणि लहान लहान गोळे केले.

भरती लागायच्या सुमाराला होडी पिंजऱ्याशी आली. पहिला गोळा माईंनीच टाकला. पाणी ढवळलं. तोंड उघडलं, गोळा आत गेला... आणि परत वर आला नाही. मग दुसरा गेला. मग सगळा पिंजराच उसळला आणि माईंच्या लुगड्यावर पाणी उडालं.

मोरेश्वरला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही. सगळे वाचणार नव्हते, हे त्याला कळत होतं. काहींची आतडी पार गेली असतील. आता सोयाबीनकडे परत जायचं तर पुस्तकात सांगितलं तसं, चिमटीचिमटीने, त्यांच्या अंगाकडे बघत जावं लागणार होतं. आणि त्याच्याही आधी बाजारात जायचं होतं, धाकूसाठी.

गोळे संपले. माई रिकामे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बोटांच्या पेरांत, नखांत मांदेलीचं पीठ बसलं होतं. सगळ्या होडीत त्याचा वास भरला होता. मोरेश्वर शरमला. त्याने गोड्या पाण्याचा तांब्या पुढे केला.

"माझ्यामुळे तुमचे हात विटाळले, माई. धुवा."

माईंनी हात मागे घेतले. एक तळवा नाकाशी नेला...

"राहू दे. जन्मभर या हातांनी मागूनच खाल्लं. कोणाला जेवू घातल्याचा वास आज पहिल्यांदा येतोय."