सात नंबरची बाटली

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

"सर, सात नंबर अजून एकदा तपासू का?"

विचारत होते प्रणय ठमके. गेडाम सरांचे जुने विद्यार्थी, आता शहरातून मोठी पदवी घेऊन आलेले. सर निवृत्त शिक्षक. घराच्या ओसरीवर बसून गावोगावच्या बोअरचं पाणी फुकट तपासून देतात.

मी धाकट्याला घेऊन पायरीवर बसले होते. मोठीचे दात पिवळे पडलेत, आणि हा आता कुठे वरचं पाणी प्यायला लागलाय. आमच्या पाड्यावरच्या बोअरचं पाणी काल देऊन गेले होते, आज निकाल ऐकायला आले. जीव नुसता टांगणीला.

सरांची रीत अशी, की बाटलीवर गावाचं नाव नाही, फक्त नंबर; कुठला नंबर कुठल्या गावाचा, तो नावांचा कागद वेगळा ठेवलेला. तपासणाऱ्याला गाव कळू द्यायचं नाही. औषध टाकल्यावर पाणी गुलाबी झालं तर चांगलं. पिवळं झालं तर त्यात दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड जास्त, तोंडाला लावू नये.

"सात नंबर किती वेळा तपासलीस?"

"तीनदा. पिवळीच येते…"

"आणि बाकीच्या अकरा?"

"एकेकदा. त्या गुलाबी आल्या ना, सर."

"असं… म्हणजे नावांचा कागद पाहिलास तू."

प्रणयदादांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, ह्या बाईसमोर नको."

"पाणी तिचंच आहे. बोल."

मी धाकट्याला जवळ ओढलं.

"त्याच बोअरवर आपल्या झेडपी अध्यक्षांची, भाऊंची नवी टाकी आहे. सोमवारी उद्घाटन. आपण मागितलेल्या प्रयोगशाळेची मंजुरी भाऊंच्या हातात आहे, सर. एक बाटली गुलाबी आली, तर उद्या शंभर गावांचं पाणी तपासू आपण!"

सर उठले.

एक रिकामी बाटली घेतली, घरच्या माठातलं पाणी भरलं. वर सात आकडा लिहिला. औषधाचे थेंब टाकले.

छान गुलाबी रंग आला.

"घे. दाखव भाऊंना."

"पण सर… हे त्या पाड्याचं पाणी नाही!"

"अरे वा. कळतं की तुला."

दादांचा हात पुढे आला नाही. त्यांनी निकालाचा कागद ओढला आणि सातसमोर स्वतःच्या हाताने लिहिलं, पिवळं. खाली सही केली.

सरांनी तो कागद माझ्या हातात दिला. धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"घरोघर सांगत जा, पोरी. सुरुवात भाऊंच्या घरून कर… त्यांची नातही तेच पाणी पिणार आहे."