कासवाचा कॅट

“वस्ताद, अण्णा हरल्यावर हसायचा का?”

बसूने हा प्रश्न आईला विचारला होता. अण्णाच्या दोस्तांनाही विचारला होता. आईने डोळ्याला पदर लावला. दोस्तांनी विषय बदलला. आता तो याकूब वस्तादांसमोर उभा होता, आणि वस्ताद बशीतल्या चहावर फुंकर घालत होते.

“तुझी फायनल कधी हाय?” वस्तादांनी विचारलं.

“आत्ता. पुकारतील कधीबी.”

“मग हितं काय करायलास?”



जयसिंगपूरच्या मंगल कार्यालयात गडझुंजीची स्पर्धा भरली होती. गडझुंज म्हणजे पत्त्यांचाच खेळ, पण बावन्न पानांचा नव्हे. यात शेकडो पानं असतात. हत्ती, तोफा, भुयारं, दरवाजे. त्यातली चाळीस निवडून ज्याने त्याने आपला कॅट बांधायचा आणि समोरच्याचा गड पाडायचा. याकूब वस्ताद कधी तालमीत गेले नव्हते, अंगाला माती लागली नव्हती, तरी गावातली सगळी पत्तेवाली पोरं त्यांना वस्तादच म्हणायची. बसूला आणि त्याच्या थोरल्या भावाला, अण्णाला, पानं हातात धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

कार्यालयाच्या मागे आचाऱ्यांची चूल असते, तिथल्या बाकड्यावर ते बसले होते. आतून टाळ्यांचा आवाज येत होता. बसूचा पाय जागेवर ठरत नव्हता.

“सगळे डाव मारले वस्ताद! सगळे! तो सांगलीचा चष्मेवाला, गेल्या सालचा विजेता, त्याला घाम फुटला!”

“कशानं मारलेस?”

“वणव्यानं.”

वणवा हा यंदाचा सगळ्यात जोरदार कॅट. समोरच्याने मांडी घालायच्या आत त्याचा गड पेटवायचा, एवढंच त्याचं काम. दहापैकी आठ जण तोच घेऊन आले होते.

“आणि दुसऱ्या खिशात काय हाय?”

बसूने खिशावर हात ठेवला.

“…कासव.”

कासव अण्णाचं होतं. मल्लूअण्णाने ते स्वतःच्या डोक्याने बांधलं होतं. भिंतीमागे भिंत लावायची, मान आत घ्यायची आणि बसून राहायचं. कधीमधी ते जिंकायचंही, पण तोवर बघणारे उठून गेलेले असायचे. मल्लूचा डाव लागला की जेवून या, असं पोरं म्हणायची. अण्णा कधी दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही. कॅट मात्र त्याने बदलला नाही.

आणि आता अण्णाच नव्हता. महिनाही झाला नव्हता.

“मातीच्या वेळी बोललोय मी,” बसू म्हणाला. “सगळ्यांदेखत. अण्णा, तुझं कासव पुण्याला नेतो म्हणून.”

“मग ने की.”

“आज जिंकेल त्योच पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. कासव काढलं तर हितंच हरतोय. समोर निपाणीचा प्रज्वल हाय, त्याच्याकडं बी वणवा. आणि मी वणवा काढला तर जातोय पुण्याला. पण मग कासव खिशात.”

“खिशात घालून तर रुमाल बी जातोय पुण्याला.”

बसूला हसू आलं. ते अर्ध्यावरच अडकलं.

“चेष्टा करू नका वस्ताद. फायनलला कॅट बदलता येतोय, पण एकदा टेबलावर ठेवला की ठेवला. सांगा मला, कुठला काढू? डोकं फुटायची पाळी आलीया.”

“ताकदीचा कुठला?”

“वणवा.”

“जिवाचा कुठला?”

“ह्यो काय प्रश्न झाला?”

“दोन्ही ठेव हितं.”

बसूने दोन्ही कॅट बाकड्यावर ठेवले. वणवा चकचकीत डबीत होता. कासवाला काळं रबर होतं, पानांच्या कडा मऊ पडल्या होत्या, आणि एका बाजूला हळदीचा डाग होता.

वस्तादांनी डबी उघडली. वणवा हातात घेतला आणि पिसला. सत्तरीतल्या त्या बोटांतून पानं फडफडत गेली. कॅट खाली ठेवून त्यांनी कासवाकडे हनुवटी केली.

“आता ते पीस.”

बसूचा हात हलला नाही.

“पीस की.”

बसूने हात पाठीमागे घेतला.

“हात दुखतोय?”

“ते मी पिसत न्हाई.”

“का रं?”

बसू जमिनीकडे बघत बोलू लागला. त्या दिवशी अण्णा दुपारी खेळला, हरला. हसला का, ते बसूने बघितलं नव्हतं. पानं त्यानेच गोळा केली, त्यानेच रबर लावलं, आणि कॅट फळीवर ठेवून अंधार पडल्यावर दूध आणायला गाडीवर गेला. वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता.

“कुठलं पान कुठल्या पानावर, ते अण्णानं ठेवलंय,” बसू म्हणाला. “चादर आईनं धुतली. चप्पल कुणाला तरी देऊन टाकली. मोबाईलचा तर भुगा झाला. त्यानं ठेवलं तसं एवढं एकच राहिलंय. मी रबर बी काढलं न्हाई. वर कुठलं पान हाय ते बी बघितलं न्हाई.”

वस्तादांची बशी हातातच राहिली.

आत कुणीतरी शिट्टी मारली. माईक खरखरला.

“न पिसता खेळू देत्यात?” वस्तादांनी विचारलं.

“कसं देतील? आपण पिसायचं, समोरच्यानं कापायचं, मग आपली सात पानं वाटून घ्यायची. कायदाच हाय.”

“मग तुझ्याकडं कॅट किती?”

“दोन.”

“मोज.”

“दोनच हायत की, समोर!”

“मोज, लेका.”

बसूने वणव्यावर बोट ठेवलं. कासवापाशी ते थांबलं. मग त्याची मान खाली गेली.

“एक.”

“मग निवडायला कशाला आलास?”

बसू एकदम उठला. बाकडं हललं आणि चहा सांडला.

“तुमचं कोण गेलं असतं म्हणजे कळलं असतं!”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. वस्ताद रागावले नाहीत. सांडलेल्या चहातून त्यांनी कासव हळूच उचललं, कोरड्या जागी ठेवलं, आणि सदऱ्याच्या टोकाने बाकडं पुसत राहिले. पुसून कोरडं झालं तरी पुसतच राहिले.

“बसवंत मगदूम, जयसिंगपूर! शेवटचा पुकारा!”

बसूने दोन्ही कॅट उचलले आणि पळत सुटला. वस्ताद एकच चप्पल सापडली ती पायात घालून मागे निघाले.

आत खच्चून गर्दी होती. लग्नाच्या स्टेजवर टेबल मांडलं होतं. प्रज्वल बसला होता, त्याचा कॅट पिसून तयार होता. पंच म्हणाले, “कॅट ठेवा.”

बसूने डावा खिसा चाचपला. उजवा चाचपला. मग टेबलावर कासव ठेवलं.

आधी कुणाला कळलं नाही. मग मागून एक पोरगं ओरडलं, “आरं, हे तर मल्लूचं! चला, जेवून या रं सगळे!”

कार्यालय हसण्याने दणाणलं. पण कुणी उठलं नाही. उलट मागचे पुढे सरकले, खुर्च्यांवर चढले.

“वणवा विझला काय भावा?” प्रज्वलने विचारलं.

“विझू दे,” बसू म्हणाला.

त्याने रबराला बोट लावलं. रबर पानांना चिकटलं होतं. ओढलं तसं तुटलं आणि बोटावर सणकन बसलं. तो कॅट हातात घेऊन थांबला… आणि मग त्याने मधोमध दोन भाग केले.

पहिल्यांदा पानं पानांत शिरेचनात. अण्णाने लावलेली, घट्ट बसलेली. बसूने ओठ दाबून जोर केला. फर्रर्र करून ती एकमेकांत गेली. झालं. आता कोण कुणावर होतं ते कुणालाच कळायचं नव्हतं. त्याने परत पिसली. परत पिसली. गालावरून पाणी ओघळत होतं आणि हात थांबत नव्हते. असा पिसत होता की बघणारी पोरं तालात टाळ्या द्यायला लागली. एक पान उडून स्टेजखाली गेलं, ते कुणीतरी डोळे मिटून पालथंच आणून दिलं. बसूने तेही आत घातलं आणि पुन्हा पिसलं.

“पुरे,” पंच म्हणाले.

कॅट खाली ठेवला. प्रज्वलने हात पुढे केला आणि कापला. परक्या माणसाची बोटं अण्णाच्या पानांना लागली. बसूने ते पाहिलं.

मग त्याने कॅटवर तळहात ठेवला. आता सात पानं वाटून घ्यायची होती. हात उचलेना.

टाळ्या थांबल्या. पंचांनी घड्याळात पाहिलं.

“दादा,” प्रज्वल हळू आवाजात म्हणाला, “मी वाट बघतोय.”

बसूचा हात कॅटवर तसाच होता.

मागून कुणीतरी धापा टाकत आलं. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. याकूब वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकले.

“बघून झाली वाट,” ते म्हणाले. “आता वाट.”