आगीला भिणारं झुडूप

सरका जरा, आणि पाय पांघरुणात घ्या. हां. तर लांबच्या चीन देशात, एका मोठ्या नदीच्या काठी शूफेन नावाची सून राहायची. नवरा मिठाच्या होड्यांवर, महिनोन् महिने बाहेर. घरात ती आणि तिची सासू, दोघीच. आणि चाळीस बदकं.

सासू कामाची हुशार, पण जिभेची तिखट, बरं का. भात मऊ झाला की म्हणायची, "खिमट केलंस." मोकळा झाला की म्हणायची, "माझे दात पाडतेस." शूफेन ऐकून घ्यायची आणि बदकं घेऊन दलदलीकडे जायची.

एका वर्षी गावात हिवताप आला. दिवसाआड यायचा. आधी अशी थंडी भरायची, की तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. मग अंग तव्यासारखं तापायचं. मग घामाने अंथरूण भिजायचं. एक दिवस जरा बरा जायचा, आणि पुन्हा तेच. गावचा नावाडी त्यात गेला. त्याच्या शेजारची कुंभारीण गेली. मग एके सकाळी शूफेनची सासू चुलीपाशी बसल्या बसल्या कुडकुडायला लागली.

शूफेन वैद्याकडे धावली. तर वैद्य स्वतःच तापाने पडलेला. पडल्या पडल्या तो म्हणाला, "दलदलीत एक झुडूप आहे, बारीक कातरलेल्या पानांचं. माझे आजोबा या तापावर तेच द्यायचे. पण कसं द्यायचे, ते मी कधी विचारलं नाही गं पोरी."

कसं दिसायचं ते झुडूप? आपला दवणा असतो ना, देवाला वाहतो तो, साधारण तसं. वासही तसाच उग्र.

मग शूफेनने एक भारा कापून आणला. मोठ्या मडक्यात दुपारपर्यंत उकळला आणि सासूला पाजला. दुसऱ्या दिवशी ताप आलाच.

मग तिने दुसरा भारा आणला. तव्यावर भाजला, कुटला आणि मधातून चाटवला. ताप पुन्हा आला. या वेळी सासू तिच्याकडे बघून म्हणाली, "तू कोण गं?" शूफेनला वाटलं, यापेक्षा माझ्या भाताला नावं ठेवली असती तर बरं.

मग ती तिसऱ्यांदा दलदलीत गेली. पण या वेळी तिने विळा खाली ठेवला आणि चिखलातच बसली. म्हणाली, "बाई, दोनदा तुला कापलं. दोन्ही वेळा न विचारता. आज विचारते. माझ्या सासूला वाचवायचंय. तुला कसं देऊ?"

वारा पडला. बदकं गप्प झाली. आणि ते झुडूप बोललं, बरं का. आवाज बारीक, म्हाताऱ्या बाईसारखा.

"किती वर्षांनी कुणी विचारलं. ऐक. मी आगीला भिते. चूल पेटली की माझा गुण वाफेबरोबर निघून जातो. मला गार पाण्यात भिजव, ठेच आणि फडक्यातून पीळ. रस हिरवा आहे तोवर पाज."

"आणि तुला काय देऊ?" शूफेनने विचारलं.

"बी धरलेल्या फांद्या तेवढ्या सोड. पुढच्या वर्षी मला पुन्हा यायचंय."

शूफेनने हात जोडले. मोजक्या फांद्या कापल्या. घरी येऊन गार पाण्यात भिजवल्या, ठेचल्या, मनगट दुखेपर्यंत पिळल्या. वाटीभर हिरवागार रस निघाला. इतका कडू, की सासूने तोंड वेडंवाकडं केलं. पण प्यायली.

दुसऱ्या दिवशी तापाची पाळी. शूफेन गोधड्या घेऊन उशाशी बसली. सकाळ गेली. दुपार गेली. सूर्य नदीपलीकडे उतरला, तरी थंडी भरली नाही. शूफेनने रस चालू ठेवला. पुढच्या पाळीलाही ताप आला नाही. त्याच्या पुढच्या पाळीला सासू उठून बसली आणि म्हणाली, "शूफेन, भूक लागली गं." तिने सुनेला नावाने हाक मारली, हे ऐकून शूफेन तिथेच रडली.

मग ती वैद्याकडे गेली, मग घरोघरी. ज्याला त्याला रस पाजला, आणि कसा काढायचा तेही शिकवलं. वैद्य बरा झाला तेव्हा आधी तिच्या पाया पडला, आणि मग तिच्याकडून सगळी कृती नीट समजून घेतली.

सासूला चालता यायला लागलं, तशी ती काठी टेकत दलदलीत गेली. झुडपापुढे वाकली. झुडूप नुसतं वाऱ्यावर हललं. मग सासू शूफेनकडे वळली. रस पिळून पिळून शूफेनचे तळवे हिरवे झाले होते. सासूने ते आपल्या हातात घेतले.

"मला गोड बोलता येत नाही गं," ती म्हणाली. "पण मी आज उभी आहे ती तुझ्यामुळे. हे तुला सांगायचं होतं."

शूफेन म्हणाली, "चला आई, ऊन चढलंय." आणि दोघी हळूहळू घरी आल्या.

पुढे नवरा परत आला, बदकांना पिल्लं झाली, आणि ते सगळे खूप वर्षं धडधाकट राहिले. तुम्हीही तसेच राहा. आणि ताप आला तर मला सांगायचं, आपण डॉक्टरांकडे जाऊ, हं. आता डोळे मिटा. मी आहे इथेच.